कबूल म्हणणारा गेनू

एका गावात एक भोळा गेनू होता. गावाचं नाव चिंचबोरी. बाकी सगळं गाव हुशार होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

गेनूला सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही. त्याची बायको हौसा म्हणाली, "म्हशीला पाणी दाखवून आणा," की हा म्हशीला नदीवर न्यायचा, पाणी दाखवायचा आणि तशीच परत आणायचा. म्हैस तहानेली ती तहानेलीच. "दाखवा म्हनलीस, पाजा कुठं म्हनलीस?" असं वर हौसालाच विचारायचा.

पण माणूस मनाचा सोन्यासारखा. दारू नाही, विडी नाही, कुणाशी तंटा नाही. हौसा रस्त्याच्या कामावर खडी वाहायला जायची. संध्याकाळी तिचे पाय भरून यायचे. "जरा चेपा," असं ती म्हणाली की गेनू "पुरे" म्हणेपर्यंत चेपायचा. एकदा हौसाला मध्येच झोप लागली. पहाटे जाग येऊन बघते तर गेनू चेपतोच आहे.

असा हा गेनू एकदा तालुक्याहून सायकलवर येत होता. दिवस मावळला होता. सायकलला दिवा नव्हता. वेशीजवळ जाचक हवालदारानं त्याला अडवलं.

"दिवा कुठंय?"

"घरी हाय की. देवापुढं."

जाचकानं खटला भरला. गेनू कोर्टात गेला. गेनूनं कोर्ट कधी पाहिलं नव्हतं. तो दारातच अडला. बाहेरच्या बाकड्यावर गावातलेच सोपानतात्या बसले होते. तात्यांचा गिरणीमागं जुगाराचा अड्डा होता, त्यामुळं त्यांचं कोर्टात येणंजाणं असायचं. ते म्हणाले, "गेनबा, घाबरतोस कशाला? साहेब इचारत्याल, गुन्हा कबूल? तू म्हनायचं, कबूल. जरासा दंड भरायचा आन् घरी जायचं. न्हाई म्हनलास तर तारखा पडत्यात. जल्मभर चपला झिजवशील."

"आन् नावाला बट्टा लागंल त्याचं काय?"

"आरं, चिल्लर गुन्हा हाय. चिल्लर गुन्ह्यानं नावाला काय हुतंय?"

साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल?"

"कबूल," गेनू म्हणाला.

दंड झाला. गेनू घरी आला. जेवायला वेळेवर आला. त्याला फार आनंद झाला. कबूल म्हटलं की घरी जायला मिळतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. आणि गेनूच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते तिथंच राहायचं. शेजारी दुसरं काही नव्हतंच ना तिथं त्याला त्रास द्यायला.

दुसऱ्या दिवशी हौसानं विचारलं, "शिंक्यातलं दही कुनी खाल्लं?"

"कबूल," गेनू म्हणाला.

दही मांजरानं खाल्लं होतं. मांजर समोरच मिशा चाटत होतं. हौसानं मांजराकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि शिंकं उंच बांधलं.

मग पारावर शिंत्र्याची म्हातारी ओरडत आली, "माझी कोंबडी कुनी नेली रं?" गेनू वाटेनं चालला होता. "कबूल, आजी," म्हणाला आणि घरी गेला. कोंबडी वळचणीला अंड्यांवर बसलेली सापडली. म्हातारीनं मात्र आठवडाभर गेनूला शिव्या दिल्या. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली, तरी तिच्या शिव्या चालूच.

पारावर सोपानतात्या बसले होते. त्यांनी हे पाहिलं. तात्यांच्या डोक्यात मोठा दिवा पेटला.

गोष्ट अशी होती की जाचक हवालदाराला दर महिन्याला वर काही ना काही केस दाखवावी लागे. महिना संपत आला की तो तात्यांकडं यायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "तात्या, एखादा माणूस द्या." मग तात्या कुणाला तरी पकडून द्यायचे, तो दंड भरायचा, जाचकाचं काम व्हायचं आणि अड्डा पुन्हा सुरू. ही जुनी वहिवाट होती. फक्त माणूस मिळेनासा झाला होता. हल्ली सगळेच शहाणे झाले होते.

तात्यांनी गेनूला बोलावलं. "गेनबा, उद्या गिरणीमागं येऊन बस. पत्त्यांना हात लावू नगंस. हवालदार आला की समदे पळत्याल. तू पळू नगंस."

"मग काय करू?"

"काय इचारलं तर कबूल म्हन. दंड मी भरतो."

गेनू बसला. हवालदार आला. सगळे पळाले. गेनू मांडी घालून तसाच बसलेला. त्यानं जाचकाला बसायला चटई सरकवली.

कोर्टात साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल?"

"कबूल."

"जा घरी."

गावाला हे फारच आवडलं. माणसाला फुकटची सोय मिळाली की ती सोडवत नाही. पाटलाची गुरं दुसऱ्याच्या रानात शिरली, गेनूला पाठवा. भोसल्यांच्या लग्नात परवानगीशिवाय कर्णा वाजवला, गेनूला पाठवा. कुणी एसटी स्टँडच्या भिंतीला उभा राहिला, गेनूला पाठवा. आणि प्रत्येक जण वर म्हणायचा, "चिल्लर हाय रं. नावाला कुठं लागतंय?" गेनूला वाटायचं, आपण गावाच्या उपयोगी पडतोय. तो अंगात धुतलेला सदरा घालून जायचा.

एकदा साहेबांनी कागद पाहिले आणि चष्मा काढला.

"हे काय? एकाच संध्याकाळी तू चिंचबोरीत जुगार खेळत होतास आणि त्याच वेळी तालुक्याच्या स्टँडवर भिंत खराब करत होतास?"

"व्हय साहेब."

"दोन्हीकडं कसा होतास?"

गेनूनं विचार केला. तात्यांनी हे काही सांगितलं नव्हतं. "सायकलवरनं गेलो असंन, साहेब."

"अंधारात? दिवा होता?"

"न्हवता. त्ये बी कबूल."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला आणि तिन्ही गुन्ह्यांचा दंड केला. बाहेर माणसांची रांग लागलेली होती, त्यांनाही घरी जायचं होतं.

असे दिवस जात राहिले. मग हौसाला दिवस गेले. सुईण म्हणाली, "खडीची पाटी उचलायची न्हाई आता. उचललीस तर मला बोलवू नगंस." हौसा घाबरली. खडी नाही वाहिली तर खाणार काय? गेनूला कुणी कामाला ठेवत नव्हतं. एका शेतकऱ्यानं त्याला "बांधावर नजर ठेव" म्हणून सांगितलं, तर चोर रानातून भेंडी तोडून गेले आणि हा बांधाकडंच बघत बसला.

पण देव हौसाच्या बाजूनं होता असं म्हणायचं. गावात नवीन हायस्कूल झालं. शिपायाची जागा निघाली. चौथी पास पाहिजे, गेनू चौथी पास. घंटा वेळेवर वाजवणारा पाहिजे. हेडमास्तरीण टिपणीसबाईंनी गेनूला नुसतं विचारलं, "मी सांगीन तेव्हाच घंटा वाजवशील ना?" गेनू म्हणाला, "तुमी सांगितल्याबिगर मरंस्तवर वाजवनार न्हाई." बाईंना असाच माणूस हवा होता. आधीचा शिपाई त्याला भूक लागली की मधली सुट्टी करायचा.

"तुला ठेवला," बाई म्हणाल्या. "फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आण."

गेनू उड्या मारत ठाण्यात गेला. जाचक हवालदारानं गेनूची नोंद काढली. काढली आणि त्याचं तोंड उतरलं. सगळं त्याच्याच अक्षरात होतं.

"गेन्या, तुला दाखला कसा देऊ? हे बघ. जुगार, गुरं, कर्णा, भिंत, पुन्हा जुगार..."

"त्ये चिल्लर हाय, हवालदारसाहेब. नावाला लागत न्हाई."

"कोण म्हणालं?"

"समदं गाव म्हनतं."

जाचकानं नोंदवही मिटली आणि हळूच म्हणाला, "चिल्लर असला तरी गुन्हा शाबीत झाला की झाला. दंड भरलास म्हणजे शिक्षा भोगलीस. ती नोंद राहते. आपण विसरतो, कागद विसरत नाही."

गेनू घरी आला. हौसानं ऐकलं आणि ती चुलीपुढं बसून रडली. तिनं उगीच नवऱ्याला दोष दिला नाही. तिनं गावाच्या नावानं बोटं मोडली. आणि खरं सांगतो, मोडायलाच पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन देवस्थळी वकिलांकडं गेली. वकील भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकलं. "एखादा असता तर फारसं बिघडलं नसतं," तो म्हणाला. "किरकोळ गुन्ह्यानं नोकरी जातेच असं नाही. लपवला तर जाते. दाखला देणारे साहेब गुन्हा बघतात, माणूस बघतात आणि ठरवतात. पण अरे, एवढे! आणि जे केलंच नाहीस ते कबूल का केलंस?"

"घरी जायचं हुतं."

वकिलानं कपाळाला हात लावला. "आता मी मोठ्या पोलीस साहेबांकडं अर्ज करतो. ते चौकशीला येतील. तोवर एक लक्षात ठेव. कबूल हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काहीही विचारलं तरी म्हणायचं, मी केलं नाही."

"कायबी इचारलं तरी?"

"काहीही विचारलं तरी."

वकील भला होता, पण त्याला गेनू माहीत नव्हता.

परतताना टिपणीसबाई शाळेच्या दारातच भेटल्या. नोकरीच्या अर्जात काही राहिलं होतं, ते त्यांना भरायचं होतं. हौसा शेजारी उभी होती.

"गेनू, चौथीची परीक्षा पास केलीस ना?"

"मी केलं न्हाई."

बाईंनी पेन थांबवलं. "अर्जावर सही तूच केलीस ना?"

"मी केलं न्हाई, बाई."

"लग्न तरी केलंयस का?"

"मी केलं न्हाई."

हौसाच्या डोळ्यांत जाळ उतरला. सातवा महिना लागलेला. तिनं पोटावर हात ठेवला. "आन् ह्ये?"

गेनूनं वकिलाचं आठवलं. काहीही विचारलं तरी.

"मी केलं न्हाई," तो म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं नाही. हौसाच्या हातात त्या वेळी खराटा नव्हता, पण शाळेच्या दारात होता.

खराटा मोडल्यावर टिपणीसबाई मध्ये पडल्या. "गेनू, हे शिकवलेलं बोलणं बंद कर बघू. कबूल पण नको आणि मी केलं नाही पण नको. जसं घडलं तसं सांगायचं. समजलं?"

"जसं घडलं तसं," गेनू पाठ चोळत म्हणाला.

पुढच्या सोमवारी मोठे पोलीस साहेब जीपमधून आले. चावडीवर खुर्ची टाकली. सगळं गाव गोळा झालं. सोपानतात्या मागच्या रांगेत खांबाआड उभे राहिले. पाटील नेमके खाली बघत होते. जाचक हवालदार ताठ उभा होता, पण त्याच्या कपाळावर घाम होता. हौसा बायकांच्यात उभी होती. तिला कुणी बसायला दिलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "गेनू, जसं घडलं तसं सांग."

गेनू खूश झाला. हे त्याला येत होतं. "साहेब, सकाळी उठलो. चूळ भरली. म्हशीखालचं शेण काढलं. मग हौसानं भाकरी टाकली, ती जरा करपली..."

"आजचं नाही रे! गुन्ह्यांचं. जुगार खेळलास?"

"न्हाई. मला पत्ते कळत न्हाईत. राजा कळतो, त्याला मिशा असत्यात."

"गुरं तुझी होती?"

"माझी एकच म्हस हाय. ती तहानेली असती, पन घरात असती."

"कर्णा?"

"त्या लग्नाचं मला बोलावनंच न्हवतं."

"मग कोर्टात कबूल का म्हणालास?"

"घरी जायचं हुतं."

साहेबांनी कागद खाली ठेवले. ते शहाणे होते, त्यांना सगळं कळलं. त्यांनी दाखला पुढं ओढला आणि त्यावर लिहिलं की हे गुन्हे किरकोळ आहेत, माणूस सरळ आहे, कामावर घ्यायला हरकत नाही. सही केली, शिक्का मारला आणि दाखला गेनूच्या हातात दिला. "उद्या अकराला घंटा वाजव," ते म्हणाले. हौसानं पदर डोळ्याला लावला.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण साहेबांचा राग अजून संपला नव्हता. ते गावाकडं वळले.

"या माणसाला फसवून कोर्टात कोण उभं करत होतं? नाव मला याच्या तोंडून नकोय. तुमच्या तोंडून पाहिजे. बोला!"

कावळा तेवढा बोलला.

"ठीक आहे. कुणीतरी कबूल करेपर्यंत एकही माणूस घरी जाणार नाही."

साहेबांनी पाय ताणले. गाव उभं राहिलं. ऊन चढलं. गेनूनं बायकांच्याकडं पाहिलं. हौसानं एक हात कमरेवर ठेवला होता, दुसऱ्यानं ती भिंत धरत होती. तिचे पाय सुजलेले त्याला इथून दिसत होते. आणि सगळं गाव एवढं हुशार, पण घरी जायची युक्ती एकालाही येऊ नये याचं त्याला आश्चर्य वाटलं.

गेनू पुढं झाला. "कबूल, साहेब."

"काय कबूल?"

"गेनूला फसवलं त्ये."

"कुणी?"

"मी."

साहेबांनी जाचकाकडं पाहिलं. जाचकानं आभाळाकडं पाहिलं.

"तू स्वतःला फसवलंस?"

"व्हय. आता समद्यास्नी घरी जाऊ द्या. हौसाचे पाय सुजल्यात."

"अरे शहाण्या, फसवणूक हा चिल्लर गुन्हा नाही! फसवणूक करणाऱ्याला चारित्र्याचा दाखला देता येत नाही. आण तो इकडं."

"खरं हाय," गेनू म्हणाला आणि दाखला लगेच देऊन टाकला. हौसाच्या तोंडून "आगं आई गं" निघालं. तिचा सगळा जीव त्या कागदात होता.

गेनू तसाच उभा राहिला. तो विचार करत होता. मग म्हणाला, "साहेब, फसवनाऱ्याला नगा देऊ. पन ज्याला फसवलं त्या गेनूला तरी द्या. त्यानं काय केलंय? लई गरीब हाय त्यो. बायकू पोटुशी हाय त्याची."

साहेब हसणार होते, पण त्यांना हसता येईना. त्यांनी खाली मान घातली आणि मिशीवरून हात फिरवला. मग दाखला परत पुढं केला. "बरं. हा त्या गेनूला दे. आणि तो दुसरा, फसवणारा गेनू सापडला की सकाळी ठाण्यात आणून हजर कर."

गाव खो खो हसलं. सोपानतात्या सगळ्यात मोठ्यानं हसले, कारण ते सुटले होते. जीपमध्ये बसताना साहेब जाचकाच्या कानात काहीतरी म्हणाले आणि जाचकाचं तोंड पांढरं पडलं. एकटा गेनू हसला नाही. साहेबांनी काम सांगितलं होतं.

दुसरा दिवस उजाडला. साडेदहा वाजले. शाळेच्या पटांगणात पोरं जमली. टिपणीसबाई घड्याळ बघत होत्या. गेनूचा पत्ता नाही. सोपानतात्यांचा पुतण्या शाळेच्या फाटकाला टेकून उभा होता. जागेसाठी गेनूच्या खालोखाल त्याचंच नाव होतं.

हौसा धापा टाकत नवऱ्याला शोधत निघाली. शेवटी ठाण्यात पोहोचली. बघते तर गेनू बाकड्यावर बसलाय. धुतलेला सदरा. उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलेलं. समोर जाचक हवालदार डोकं धरून बसलेला.

"काय झालं?" हौसानं विचारलं.

"सापडला," गेनू म्हणाला. "गावभर हुडकला आन् आपल्याच घरात निघाला. तुझ्या ताटात भाकरी खात हुता."

जाचक काकुळतीला आला होता. "गेन्या, मी घेतला त्याला ताब्यात. झालं. तू जा शाळेत."

"ताब्यात कुठं घेतला? अजून मीच धरलाय."

"मग कोठडीत टाक आणि जा."

"मी टाकला असता, साहेब. पन त्यो आत गेला की मला बी जावं लागतंय. दोनदा करून बघितलं."

हौसानं नवऱ्याकडं पाहिलं. आयुष्यभर सगळे ह्याला आपल्या जागी उभं करत आले होते. ती वळली आणि सुजलेल्या पायांनी शाळेकडं निघाली. फाटकाजवळच्या पुतण्याला तिनं खांद्यानं बाजूला केलं, घंटेचा हातोडा उचलला आणि अकरा वाजता, नेमक्या अकराला, जोरात घंटा दिली. टिपणीसबाईंनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या पोटाकडं पाहिलं, आणि हजेरीवर गेनू हजर म्हणून लिहून टाकलं.

घंटा ठाण्यापर्यंत ऐकू आली. जाचक उठून उभा राहिला. त्यानं हातच जोडले.

"गेनूदादा, ऐक. तुझी शाळा भरली. तुझी नोकरी आहे ती. मी तुझ्या पाया पडतो, सोड आता त्याला!"

गेनूनं मनगट आणखी घट्ट आवळलं.

"असा कसा सोडू, हवालदारसाहेब? लई भोळ्या मानसाला फसवलंय यानं."